कवच की टरफल?

वृत्तपत्रांच्या आर्थिक पानांवरून उठून पहिल्या पानावर येऊन बसलेले जे काही इंग्रजी शब्द आहेत, त्यांत 'शेल कंपनी' हा एक आहे. कोठे प्राप्तिकर खात्याने छापा घातला, कोठे एखाद्या उद्योगसमूहाने बँकेचे कर्ज बुडविले, कोठे एका पक्षाने दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्यावर आरोप केला, की हा शब्द हटकून भेटतो. त्याचे मराठी रूपांतर मात्र ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे करावे, अशी स्थिती आहे. एक बातमीदार 'बनावट कंपनी' लिहितो, दुसरा 'बोगस', तिसरा 'कागदी', चौथा 'पोकळ'. वाचकाचा समज असा होतो की ही चारही एकाच वस्तूची नावे आहेत. वस्तुतः ती तशी नाहीत. जी बनावट आहे ती कंपनीच नव्हे. जिला शेल कंपनी म्हणतात ती कायद्याप्रमाणे नोंदलेली, संचालक असलेली, बँकेत खाते असलेली अशी अस्सल कंपनी असते. बनावट नोट आणि रिकामे पाकीट यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. हा भेद केवळ भाषापंडितांच्या चर्चेचा विषय असता, तर त्यासाठी या पानावरची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु शब्दाच्या अर्थावर येथे कोणाचा धंदा बंद व्हावा, कोणाला शिक्षा व्हावी आणि कोणाची ठेव बुडावी, हे अवलंबून आहे.

इंग्रजी भाषेची एक मौज अशी, की बाहेरच्या कठीण आवरणाला ती सरसकट 'शेल' म्हणून मोकळी होते. समुद्रकाठचा शिंपला शेल, अंड्याचे कवचही शेल. नारळाची करवंटी शेल आणि भुईमुगाचे टरफलही शेल. कासवाची पाठ शेल, तोफेतून सुटणारा गोळा शेल, आणि आगीत जळून भिंतींचा सांगाडा तेवढा उरलेली इमारत, तीही शेलच. अणूच्या गर्भाभोवती इलेक्ट्रॉन ज्या थरांत राहतात त्यांना रसायनशास्त्राने हेच नाव दिले, आणि संगणकाच्या अंतर्यामी असलेल्या गाभ्याला बाहेरून गुंडाळून माणसाच्या आज्ञा आत पोचविणाऱ्या आज्ञावलीलाही हेच नाव मिळाले. या शब्दाचे क्रियापद केले तर त्याचा अर्थ एकदा शेंगा सोलणे असा होतो, आणि एकदा गावावर तोफांचा भडिमार करणे असा.

मराठीचा स्वभाव याहून निराळा आहे. आपल्या भाषेने प्रत्येक आवरणाला त्याच्या उपयोगाप्रमाणे वेगळे नाव दिले. करवंटीला कोणी टरफल म्हणत नाही आणि टरफलाला कोणी कवच म्हणत नाही. कवच म्हणजे आतल्या जिवाचे रक्षण करणारे; कर्णाची कवचकुंडले आठवावीत. टरफल म्हणजे आतला दाणा काढून घेतल्यावर फेकून द्यावयाचे. वस्तूचा आकार एकच असू शकेल; पण आत काय आहे, किंवा आतले कोणी नेले, यावरून नाव बदलते. इंग्रजी शब्द या दोन्ही अर्थांना पोटात घेऊन बसतो, आणि शेल कंपनीसंबंधीच्या आजच्या गोंधळाचे मूळ, माझ्या मते, येथेच आहे.

पोकळपणाची किंमत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शेल हा शब्द प्रथम भेटतो तो चलनाच्या इतिहासात. मालदीव बेटांच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या कवड्या शतकानुशतके बंगालमध्ये नाणे म्हणून चालत होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेट जिल्ह्याचा सारा कवड्यांत भरला जात असे. याच कवड्या पोर्तुगीज, डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी जहाजे भरभरून युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली. गुलामांच्या व्यापाराच्या हिशेबवहीत हिंदी महासागरातील हा निरुपद्रवी शिंपला एक मोठी रक्कम होऊन बसला आहे.

कवडीच्या आत काही नसते. आतला जीव मेल्यावरच ती चलन होते. तरीही तिला किंमत होती, कारण ती टिकाऊ होती, मोजावयास सोपी होती, तिची नक्कल करणे कठीण होते, आणि मुख्य म्हणजे ती हवी तितकी मिळत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपीय व्यापाऱ्यांनी झांजीबारकडच्या स्वस्त कवड्या पश्चिम आफ्रिकेत ओतावयास सुरुवात केली, तेव्हा तेथील भाव भडकले आणि ज्यांनी आयुष्यभराची बचत कवड्यांत साठविली होती त्यांच्या हाती केवळ शिंपल्यांचे ढीग राहिले. आपल्या भाषेत तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे, आणि 'कवडीमोल' हा शब्दही आहे. एकाच वस्तूविषयी आदर आणि तुच्छता असे दोन्ही भाव येथे नांदतात.

यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की पोकळ वस्तू निरुपयोगी असतेच असे नाही. तिच्यामागे विश्वास आणि मर्यादा असेतोवर ती समाजाचे काम करते. या दोन गोष्टी सुटल्या म्हणजे तिचे ओझे होते, आणि ते ओझे बहुधा गरीबाच्या माथी बसते.

नावाने शेल असून आत भरीव असलेल्या कंपनीचे उदाहरण मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. लंडनमधील सॅम्युएल कुटुंबाचा मूळचा धंदा शोभेच्या शिंपल्यांचा. त्यातील मार्कस सॅम्युएल तेलाच्या व्यापारात शिरला. १८९२ साली त्याचे 'म्युरेक्स' नावाचे तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले, आणि 'म्युरेक्स' हेही एका सागरी शंखाचेच नाव. १८९७ मध्ये त्याने कंपनी काढली तीही शेल या नावाने, आणि १९०७ मध्ये ती रॉयल डच कंपनीशी जोडली गेली. हिंदुस्थानात १९२८ पासून बर्मा-शेल या नावाने तिचा व्यवहार चाले. १९५५ मध्ये मुंबईला माहुल येथे तिचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९७६ मध्ये सरकारने हा उद्योग ताब्यात घेतला आणि पुढल्या वर्षी त्याला भारत पेट्रोलियम हे नाव मिळाले. शिंपल्याचे चिन्ह गेले. कारखाना, कामगार आणि तेल तेथेच राहिले. वरचे आवरण बदलूनही आतला गाभा टिकतो, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. आजची शेल कंपनी याच्या नेमकी उलट असते. तिचे आवरण वर्षानुवर्षे कायम राहते. आत मात्र कधीच काही नसते.

शब्द आणि हक्क

एखाद्या शब्दाची व्याख्या सैल राहिली तर काय होते, हे पाहावयाचे तर पहिल्या महायुद्धाकडे वळावे. खंदकांत दिवसरात्र तोफगोळ्यांचा मारा सोसणारे सैनिक थरथरू लागले, मुके झाले, काहींची दृष्टी गेली. अंगावर जखम मात्र नव्हती. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या विकाराविषयी लिहिताना 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली, आणि ती सर्वतोमुखी झाली. गोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसतो, अशी त्यामागील प्रारंभीची समजूत होती. परंतु जे स्फोटाच्या जवळपासही नव्हते त्यांनाही हाच विकार जडलेला दिसू लागला. मग ब्रिटिश सैन्याने कागदोपत्री दोन वर्ग पाडले. शत्रूच्या गोळ्याने थेट परिणाम झालेला सैनिक 'जखमी' गणला जाई. त्याला बाहीवर जखमेचे मानचिन्ह मिळे आणि निवृत्तिवेतनाचा हक्कही. दुसरा केवळ 'आजारी' ठरे आणि त्याला दोन्ही नाकारले जाई. विकार तोच, हाल तेच. कागदावरील एका अक्षराने हक्क ठरला. पुढे १९१७ मध्ये सैन्याने ही संज्ञा वापरण्यावरच निर्बंध आणले, आणि उत्तरायुष्यात खुद्द मायर्सलाही ती दिशाभूल करणारी वाटली. त्या युद्धात भ्याडपणा, पलायन अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घालून मारलेल्या तीनशेहून अधिक सैनिकांना ब्रिटिश सरकारने २००६ साली मरणोत्तर क्षमा केली. त्यांतील कित्येकांचे मन आधीच मोडले होते, असे आज मानले जाते.

नाव आधी दिले, व्याख्या नंतर शोधली, आणि दरम्यान माणसे चिरडली गेली. आर्थिक व्यवहारांत रक्त सांडत नाही. परंतु क्रम हाच असेल तर अन्यायही याच जातीचा होतो.

कायद्याने दिलेले कवच

कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९६ मध्ये सॉलोमन खटल्यात निःसंदिग्धपणे मान्य केले. ॲरन सॉलोमन हा लंडनमधील बूट बनविणारा व्यापारी. त्याने आपला धंदा स्वतःच स्थापिलेल्या कंपनीला विकला. बहुतेक सर्व भाग त्याचे स्वतःचे. उरलेल्या सहा भागधारकांत त्याची पत्नी आणि मुले. कंपनी बुडाली, तेव्हा धनकोंनी त्याच्या खाजगी मालमत्तेवर हक्क सांगितला. न्यायाधीशांनी तो फेटाळला. कंपनीचे कर्ज कंपनीचे, सॉलोमनचे नव्हे.

हा निर्णय धनकोंना कठोर वाटला असेल. पण आधुनिक उद्योग त्यावर उभा आहे. धंदा बुडाला तर राहते घर आणि बायकोचे दागिनेही जातील, अशी भीती असती तर नवे साहस कोणी केले असते? मर्यादित जबाबदारी हे समाजाने उद्योजकाला दिलेले कवच होय. ते देताना समाजाची अपेक्षा एवढीच, की कवचाच्या आत काहीतरी जिवंत असावे.

टरफल-कंपनीत ते नसते. समजा, एका उद्योगपतीने बँकेकडून कारखान्यासाठी कर्ज घेतले. त्यातील रक्कम यंत्रांच्या खरेदीच्या नावाखाली 'अ' कंपनीला दिली. 'अ'ने ती 'ब'ला सल्लामसलतीचे शुल्क म्हणून दिली, 'ब'ने 'क'ला कर्जाऊ दिली आणि 'क'ने त्याच उद्योगपतीच्या दुसऱ्या कंपनीचे भाग अवाच्या सवा किमतीला विकत घेतले. बँकेचा पैसा अशा रीतीने मालकाच्या घरी भांडवल होऊन परतला. 'अ', 'ब' आणि 'क' यांचा पत्ता एकाच इमारतीतील एकाच खोलीचा. संचालक म्हणून कोणाच्या चालकाचे किंवा शिपायाचे नाव. नोकर एकही नाही. तरीही प्रत्येक कंपनीची नोंद खरी, प्रत्येक धनादेश खरा, प्रत्येक सही खरी. खोटा आहे तो फक्त व्यवहाराचा हेतू. म्हणूनच तिला 'बनावट' म्हणणे चुकीचे आहे. बनावट वस्तू पकडावयास तज्ज्ञ पुरतो. खऱ्या कागदांआडचा खोटा हेतू पकडावयास सबंध साखळी उलगडावी लागते.

व्याख्येविना कारवाई

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात 'शेल कंपनी' या शब्दाची व्याख्या नाही. तरीही २०१७ साली या कंपन्यांविरुद्ध फार मोठी मोहीम झाली. त्या आर्थिक वर्षात सव्वादोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढण्यात आली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. आकडे डोळे दिपविणारे खरे. पण कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. कलम २४८ प्रमाणे नाव काढावयाचे ते कंपनीने स्थापनेनंतर एका वर्षात धंदा सुरू केला नाही, किंवा सलग दोन आर्थिक वर्षे धंदा केला नाही आणि 'सुप्त कंपनी' हा दर्जाही मागितला नाही, या कारणासाठी. यांतील कित्येक कंपन्या म्हणजे कोणाच्या तरी फसलेल्या उत्साहाची स्मारके असणार. ज्या कंपनीतून काळा पैसा खेळविला जातो तिचे हिशेब-पत्रक बहुधा वेळेवर भरलेले असते. कारण कागद चोख ठेवणे हाच तिचा धंदा. तेव्हा मृत कंपन्यांची संख्या हे काळ्या पैशाचे माप मानणे म्हणजे स्मशानातील नोंदींवरून गावातील चोर मोजण्यासारखे आहे.

त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी सेबीने शेल असल्याचा संशय असलेल्या ३३१ नोंदणीकृत कंपन्यांच्या भागांच्या व्यवहारावर कडक निर्बंध घालण्याचा आदेश शेअर बाजारांना दिला. यादी सरकारकडून आलेली. त्या यादीत मुंबईच्या मेट्रोचे काम करणारी एक बांधकाम कंपनीही होती. तिने आणि आणखी एका कंपनीने रोखे अपील न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, आणि चौकशीवाचून दिलेला हा आदेश त्यांच्यापुरता १० ऑगस्ट रोजी स्थगित झाला. ज्यांच्याजवळ वकील उभा करण्याची ताकद होती त्यांची सुटका तीन दिवसांत झाली. परंतु ज्या लहान गुंतवणूकदारांनी घाबरून मिळेल त्या भावाने भाग विकावयाचे ठरविले असेल, त्यांना न्यायाधिकरणाचा काय उपयोग?

अमेरिकेच्या रोखे आयोगाने २००५ मध्ये शेल कंपनीची व्याख्या केली आहे. ती सरळ आहे: जिचा व्यवसाय नाममात्र आणि जिची मालमत्ताही नाममात्र, किंवा बहुतांशी केवळ रोकड, ती शेल कंपनी. त्यात कोठेही दोषारोप नाही. शेल असणे हा गुन्हा नव्हे. शेल असूनही ते लपविणे हा गुन्हा. ही भूमिका मला योग्य वाटते. नवा उद्योग सुरू होण्यापूर्वी काढलेली, केवळ एखादी इमारत किंवा पेटंट धारण करणारी, एकाच प्रकल्पापुरती स्थापिलेली, अशा कंपन्या रिकाम्या दिसतात. पण त्या टरफले नव्हेत.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१७ च्या नियमांनी उपकंपन्यांचे साधारणतः दोनच थर असावेत, अशी मर्यादा घातली. नव्या कंपनीने १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचे निवेदन देणे पुढे सक्तीचे झाले, आणि नोंदलेल्या पत्त्यावर प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचा अधिकार निबंधकाला मिळाला. कलम ९० आणि त्याखालील नियम यांनी दहा टक्के वा अधिक हितसंबंध असलेल्या खऱ्या मालकाने आपले नाव जाहीर करावे, असे ठरले. दिशा योग्य आहे. परंतु थरांची मर्यादा उपकंपन्यांना लागू. वरच्या उदाहरणातील 'अ', 'ब' आणि 'क' कागदोपत्री कोणाच्याच उपकंपन्या नसतात. आणि खरा मालक कोण, याची कंपनीतील नोंदवही शुल्क भरून पाहण्याचा हक्क कलम ९० ने दिला तो कंपनीच्या सभासदाला. ज्याचा पैसा बँकेमार्फत तेथे गेला तो ठेवीदार सभासद नसतो.

म्हणून माझे म्हणणे तीन कलमांत सांगता येईल. शेल कंपनीची निर्दोष आणि वस्तुनिष्ठ व्याख्या कायद्यात यावी. अशा कंपनीने आपण तशी आहोत हे दरवर्षी स्वतःहून नोंदवावे, म्हणजे लपविणाऱ्यालाच शिक्षा होईल. आणि खऱ्या मालकाचे नाव कोणाही नागरिकाला सहज पाहता यावे. तिसऱ्या मुद्द्यावर खाजगीपणाचा आक्षेप येईल. तो क्षुल्लक नव्हे. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये याच कारणासाठी अशा नोंदवह्या सर्वांना खुल्या ठेवण्याची तरतूद रद्दबातल केली. ब्रिटनमध्ये मात्र ही नोंदवही २०१६ पासून सर्वांना खुली आहे. मला वाटते, ज्याने समाजाकडून मर्यादित जबाबदारीचे कवच मागून घेतले, त्याने निदान आपले नाव तरी सांगावे. राहत्या घराचा पत्ता हवा तर गुप्त ठेवावा, नाव नको.

शिक्षकाने, कारकुनाने वा विद्यार्थ्याने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९९० नंतरच्या दशकात मिळाले आहे. त्या तेजीत जनतेकडून भागभांडवल गोळा करून ज्या कंपन्या पत्त्यासकट दिसेनाशा झाल्या, त्यांतील दोनशेहून अधिक कंपन्यांना सरकारनेच पुढे 'गायब कंपन्या' हे नाव दिले. त्यांत पैसा गेला तो पगारदारांच्या बचतीचा. आज हाच पगारदार थेट भाग न घेता म्युच्युअल फंड, निवृत्तिवेतन योजना आणि बँक यांच्यामार्फत बाजारात उतरतो. पूर्वी त्याला निदान कंपनीचे नाव ठाऊक असे. आता तेही नसते. कर्ज बुडते, बँकेला भांडवल द्यावे लागते, ते करांतून जाते. आणि हा हिशेब त्याच्या हाती कोणी देत नाही.

लोकमान्यांच्या शाळेतील शेंगांची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. जो शेंगा खाणार नाही तो टरफलेही उचलणार नाही, हा तिचा आशय. आपण ती कथा बाणेदारपणाचा धडा म्हणून शिकवितो. तिच्यात अर्थशास्त्राचाही धडा आहे, आणि तो असा की लाभ आणि दायित्व एकाच हाती असावयास हवे. दाणे एकाने खावे, टरफले दुसऱ्याने उचलावी, आणि खाणारा कोण हे विचारण्याचीही सोय नसावी, अशा व्यवस्थेला कायद्याचे संरक्षण असता कामा नये. कवच कोणते आणि टरफल कोणते, हे आपल्या भाषेला फार पूर्वी कळले आहे. आता ते आपल्या कायद्याला कळावे, एवढीच अपेक्षा.